लेकरायचं काय, बाई?

2 मार्च 2025, रविवार. वाशीम

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी बाप्तिस्म्यासाठी नावं घेतली. यंदा पुनरुत्थानाचा रविवार 20 एप्रिलला येतो, बाप्तिस्मे त्याच दिवशी. रिसोड तालुक्यातलं एक जोडपं गेल्या पावसाळ्यापासून नेमानं येतंय. सोयाबीन-तुरीच्या हंगामात मजुरी, बाकीचे दिवस मिळेल ते काम. पहिल्या एस.टी.नं निघतात, दोन्ही लेकरं बरोबर. थोरली चौथीत, धाकटा अंगणवाडीत. दोघांनी नावं दिली, नवरा बाजूला झाला, बाई मात्र तिथंच उभी राहिली.

“आमी दोघं तं घेतोच जी बाप्तिस्मा. पन लेकरायचं काय, बाई?”

तयारीचा वर्ग मी घेते म्हणून तिनं मला विचारलं. शनिवारी वर्गाला या, बोलू, असं मी सांगितलं. तिला ‘हो’ किंवा ‘नाही’ हवं होतं, आणि ते मागण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. नियमाच्या पुस्तकात पाहिलं तर दोन्ही उत्तरं सापडतात. आमच्या नाझरीन मंडळीत आईबापांनी मागितलं आणि लेकराला ख्रिस्ती शिकवण देण्याचं वचन दिलं, तर लहानग्यांचा बाप्तिस्मा करता येतो. नुसतं समर्पण करायचं आणि बाप्तिस्मा मूल मोठं होऊन स्वतः मागेल तेव्हासाठी ठेवायचा, हेही चालतं. पाणी शिंपडायचं, ओतायचं की पाण्यात बुडवायचं, हेसुद्धा घेणाऱ्यानं सांगायचं. नियम एवढा मोकळा असला की पुढचा सगळा विचार माणसांनाच करावा लागतो.

5 मार्च, बुधवार

आज राखेचा बुधवार. दिवसभर माहेर आठवत राहिलं.

वऱ्हाडात मिशनांनी जिल्हे आपसांत वाटून घेतले होते. यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, अकोला-खामगाव-अमरावतीकडे अलायन्स मिशन, बुलढाण्यात नाझरीन. वाशीममध्ये आधी मेथडिस्ट होते, 1930च्या दशकात त्यांच्याकडून हे काम नाझरीन मिशनकडे आलं. डॉ. ऑर्फा स्पायचर 1936 साली भारतात आल्या आणि त्यांच्या हातून इथं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभं राहिलं. आजही जिल्ह्यातल्या पुष्कळ माणसांना ख्रिस्ती म्हटलं की आधी तो दवाखाना आठवतो.

जिल्हे वाटले गेले, पण सोयरिकी कोण वाटणार? माझे वडील यवतमाळकडचे, तान्हेपणीच पाणी शिंपडलेले. आई अकोल्याची, अलायन्सच्या घरातली. तिथं तान्ह्या लेकराचं फक्त समर्पण होतं, बाप्तिस्मा स्वतःच्या विश्वासानं आणि बुडवूनच. मी झाले तेव्हा वडिलांचं चाललं. धाकटा भाऊ झाला तेव्हा आईनं ठाम सांगितलं, याच्या वाटचं मी बोलणार नाही, तो बोलेल. म्हणून एकाच घरात मला बाप्तिस्मा आठवत नाही आणि भावाला तारखेसकट आठवतो. तो चौदाव्या वर्षी उभा राहिला तेव्हा मला त्याचा हेवा वाटला, हे खरं. पण आज मागे पाहते तर आम्हां दोघांना धरून ठेवलं ते रोज रात्री दिवा मंद करून वडील जे वाचन घ्यायचे, त्यानं. त्या वाचनाला शिंपडलेली आणि न शिंपडलेली अशी दोन्ही लेकरं शेजारी बसत होती.

8 मार्च, शनिवार

वर्ग. रिसोडकडचं जोडपं दुपारच्या उन्हात वेळेवर आलं.

मोठ्यांच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे आणि ते मी कुणापासून लपवत नाही. जुन्या सभासदांपैकी काहीजण म्हणतात, नव्या विश्वासणाऱ्याला वर्षभर थांबवा, पारखून घ्या, तंबाखू सुटली का बघा, मग पाणी द्या. मला हे पटत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत पेन्टेकॉस्टच्या दिवशी तीन हजारांनी ऐकलं आणि त्याच दिवशी बाप्तिस्मा घेतला. कूशी अधिकाऱ्यानं रस्त्यात पाणी दिसताच रथ थांबवला. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्यानं तर सकाळ उजाडण्याचीही वाट पाहिली नाही. बाप्तिस्मा हा चांगलं वागून दाखवल्याचा दाखला म्हणून कुणालाच मिळालेला नाही. तो वाटेच्या आरंभी आहे. तंबाखू सुटायला जे बळ लागतं ते मंडळीत आल्यावर मिळायचं, आणि आम्ही माणसाला बाहेर उभं करून सांगायचं की आधी बळ दाखव?

पुढच्या काळात मंडळीनं थांबवायला सुरुवात केली, हेही खरं. तिसऱ्या शतकाच्या आसपासची मानली जाते ती ‘प्रेषितीय परंपरा’ शिकाऊ माणसाला तीन वर्षं ऐकायला लावते. पण छळाचे दिवस होते, आत कोण येतंय हे जपून पाहणं भाग होतं. आणि त्याच ग्रंथात पाण्याशी आल्यावर पहिली पाळी लहान मुलांची ठेवली आहे. ज्यांना बोलता येतं त्यांनी स्वतः उत्तर द्यावं, ज्यांना येत नाही त्यांच्या वतीनं आईबापांनी किंवा घरच्या कुणी. मी वर्गात हे सांगितलं तेव्हा रिसोडच्या बाईचा चेहरा उजळला. “म्हंजे तवाबी लेकरं होतेच ना!”

होतीच. आणि त्यावर भांडणही होतं. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात इ.स. 200च्या सुमारास तर्तुल्लियन म्हणत होता, लेकरांना घाई कसली, त्यांना ख्रिस्ताची ओळख होऊ द्या, मग येतील. पन्नासेक वर्षांनी त्याच शहराचा बिशप सिप्रियन म्हणाला, आठव्या दिवसापर्यंतसुद्धा थांबू नका. दोघेही विश्वासात खरे होते. त्यामुळे या प्रश्नावर कुणी मला “शास्त्रात स्पष्ट आहे” असं सांगितलं की मी त्याचं ऐकून घेते, पण मान डोलवत नाही.

वर्गातल्या मोठ्यांना मी एवढंच विचारते: तुम्ही कुणाला प्रभू म्हणताय, मागचं काय सोडताय, आणि याची किंमत काय पडेल हे ठाऊक आहे का. तीन प्रश्नांना वर्ष लागत नाही.

15 मार्च, शनिवार

किमतीचा प्रश्न आज नवऱ्यानंच काढला. सरळ माणूस आहे. “बाई, पोरीच्या दाखल्याचं काय होईन?”

त्याला खरं सांगितलं. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता होता. 1956 साली त्यात शिखांचा समावेश झाला, 1990 साली बौद्धांचा. ख्रिस्ती माणसाला तो मिळत नाही. आदिवासींच्या दर्जाला धर्माची अट नाही, पण हे कुटुंब त्यात मोडत नाही. गेल्या नोव्हेंबरातला सर्वोच्च न्यायालयाचा निकालही सांगितला. पुदुच्चेरीतल्या एका तरुणीनं नोकरीसाठी अनुसूचित जातीचा दाखला मागितला होता, मी हिंदूच आहे असं तिचं म्हणणं होतं. न्यायालयानं तिच्या तान्हेपणीच्या बाप्तिस्म्याची नोंद पाहिली, ती चर्चला नेमानं जाते हे पाहिलं, आणि 26 नोव्हेंबर 2024 रोजी दाखला नाकारला.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, माझं जे व्हायचं ते होऊ द्या, मी समजून घेतोय. पण पोरीनं अजून काय समजून घेतलं?

ख्रिस्ती दलितांना हा दर्जा नाकारणं अन्यायाचं आहे असं मी मानते. अंगावर पाणी पडल्यानं गावातली विहीर, वस्ती, सोयरीक यांतलं काही बदलत नाही. जात माणसाच्या मागे मंडळीतही येते, आमच्यातही आली आहे. पण कायदा आज जसा आहे तसा आहे, आणि जो पाळक किंवा शिक्षिका हे न सांगता कुणाला पाण्यात उतरवते ती त्या माणसाचा विश्वासघात करते. कागदावर एक आणि देवळात एक असं जगायचा सल्ला मी कुणाला देणार नाही. तसं जगणाऱ्यांवर दगडही मारणार नाही. मोठ्यानं जाणून सोसावं. लेकराच्या वतीनं ते सोसायचं ठरवताना मात्र आईबापांचाही हात थोडा थरथरायला हवा.

23 मार्च, रविवार

आज वेगळीच गोष्ट. रविवारच्या शाळेत येणारा बारा वर्षांचा मुलगा, आईबाप आमच्यातले नाहीत, शेजारच्या मित्राबरोबर येऊ लागला आणि टिकला. मुलांत सगळ्यांत नीट प्रार्थना तो करतो. वर्ग सुटल्यावर म्हणाला, मलापण ईस्टरला बाप्तिस्मा द्या, घरी सांगू नका.

त्याला ‘नाही’ म्हणायला मला क्षणही लागला नाही, पण ते नीट सांगायला अर्धा तास लागला. येशू बारा वर्षांचा असताना मंदिरात गुरुजनांत बसून त्यांना थक्क करत होता, आणि तरी आईबापांबरोबर नासरेथला परत गेला, त्यांच्या आज्ञेत राहिला. ही गोष्ट त्याला ठाऊक होती. प्रार्थनेला कुणाची परवानगी लागत नाही, तू इथं आहेसच, असं सांगितलं. घरी न सांगता यायचं नाही, हेही सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्याच्या आईला भेटणार आहे. चोरून काही शिकवतोय असं तिला वाटलं तर तिचं चुकणार नाही.

हे महाराष्ट्रात फार जुनं दुखणं आहे. 1839च्या मे महिन्यात मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांनी धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिला आणि शहर हादरलं. प्रकरण न्यायालयात गेलं. धनजीभाईंचं वय सोळा-सतराचं, स्वतःचं बरंवाईट कळण्याइतका तो मोठा आहे असं ठरलं आणि त्याला हवं तिकडे जायला मोकळीक मिळाली. चार वर्षांनी, 1843 साली, नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत सुमारे बारा वर्षांचा, तोही मिशनरींकडे राहायला गेला होता, त्यांच्यात जेवला होता. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. बापानं न्यायालयात दाद मागितली आणि न्यायालयानं मुलगा बापाच्या हवाली केला.

लोक इथं थांबतात, मिशनरी हरले की जिंकले याचा हिशेब करतात. मला पुढचं महत्त्वाचं वाटतं. श्रीपत घरी आला, पण घर त्याला घेईना. ख्रिस्ती माणसांच्या पंगतीला बसलेला मुलगा जातीत परत घ्यायचा की नाही यावर मुंबईच्या ब्राह्मणांत उभी फूट पडली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूनं उभे राहिले, प्रायश्चित्त देऊन त्याला सामावून घ्यावं म्हणून झटले, आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष सोसला. बारा वर्षांच्या पोरावरून एवढं सगळं. दोन्हीकडची थोर माणसं भांडत होती, आणि तो मुलगा कुठं झोपत असेल, कुणाच्या हातचं जेवत असेल, याचा विचार मला सोडत नाही. नारायण शेषाद्री पुढं आमच्या शेजारच्या जालन्यात आले, सालारजंगांनी दिलेल्या जमिनीवर बेथेल नावाचं गाव वसवलं. वयात येऊन स्वतः ठरवलेला माणूस तो, त्यानं सोसलं आणि उभं केलं. श्रीपतच्या वयाच्या मुलावर आपण तो भार टाकू नये.

30 मार्च, रविवार

आज गुढीपाडवा. उपासनेनंतर पाळकसाहेबांबरोबर रिसोडकडच्या गावी गेलो. सासू दारातच बसलेली. पाणी दिलं, चहा दिला, मग म्हणाली, “हे दोघं मोठे हायेत, काय करायचं ते करो. माह्या नातीले मातर हात लावू नका.”

पाळकसाहेबांनी वाद घातला नाही, हे फार बरं केलं. आई, तुमच्या नातीचं आम्ही काहीही तुमच्या मागे करणार नाही, असं म्हणाले. कायद्यानं निर्णय आईबापांचा, आजीचा नाही. पण ती पोर रात्री आजीजवळ निजते.

मी थोरलीला घेऊन शेताच्या बांधापर्यंत फिरून आले. बाप्तिस्मा कशाला हवा, विचारलं. पाठ केलेलं काही म्हणाली नाही. “आई जाते तिथं मले बी जायचंय.”

काहीजण म्हणतील, हा काय विश्वास झाला? मला तो विश्वासाचा खरा अंकुर वाटतो. देवाकडे जाणाऱ्या माणसाच्या मागे मूल आधी त्या माणसावरच्या मायेनं जातं, माझंही तसंच झालं. फक्त एवढंच की आई जाते म्हणून, आणि तो बोलावतो म्हणून, यांतला फरक कळायला तिला थोडा अवकाश मिळावा.

5 एप्रिल, शनिवार

आज पाळकसाहेबांच्या घरी बैठक. एक वडीलधारे म्हणाले, अठरा पूर्ण झाल्याशिवाय कुणालाच नको, कटकट मिटली. दुसरे म्हणाले, सगळ्या घराण्याचा एकदम करा, लुदियेचं तसंच झालं होतं.

अठराला मी कडाडून विरोध केला. विल्यम केरी, ज्यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार 1811 साली निघाला, ते कट्टर बाप्टिस्ट, लेकरांना पाणी न देणारे. 28 डिसेंबर 1800 रोजी त्यांनी हुगळी नदीत कृष्ण पाल या सुताराला बाप्तिस्मा दिला, आणि त्याच दिवशी, त्याच पाण्यात, स्वतःच्या मुलाला, फेलिक्सला. तो पंधरा वर्षांचा होता. मतदानाचं वय आणि प्रभूला हाक मारण्याचं वय एक नसतं. आपल्या घरातलं अकरा-बारा वर्षांचं मूल स्वतः मागत असेल, आईबाप पाठीशी असतील, तर अठराची वाट पाहायला लावणं म्हणजे तुझं म्हणणं आम्ही खरं धरत नाही असं सांगणं. मुलं ते विसरत नाहीत.

घराण्याच्या बाजूनं मी पंडिता रमाबाईंचं बोलले. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मनोरमेलाही दिला, ती अडीच वर्षांची. बाप गेलेला, मुलूख सुटलेला. त्या आईनं पोरीला आपल्यापासून वेगळं कुठं ठेवायचं होतं? मनोरमा पुढं आईच्या कामात आयुष्यभर राहिली, 1921 साली आईच्या आधी गेली. आणि रमाबाईंनी स्वतःबद्दल काय लिहून ठेवलं आहे? की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, तो पुढं 1891च्या सुमारास भेटला. एवढी विदुषी, शास्त्रं तोंडपाठ, आणि पाणी आधी, भेट नंतर. मग चौथीतल्या पोरीला आम्ही कसल्या पूर्ण समजुतीची अट घालतो? पूर्ण समजून पाण्यात उतरलेलं माणूस मला अजून भेटायचं आहे.

म्हणून वयाचा आकडा नको, असं माझं म्हणणं. दोनच गोष्टी पाहाव्यात. मूल स्वतःच्या तोंडानं मागतं का, पुन्हा पुन्हा मागतं का? आणि पाण्यातून वर आल्यावर घरी त्याला कोण धरणार आहे? दुसऱ्याचं उत्तर मिळत नसेल तर पहिल्याचं कितीही गोड असो, थांबावं.

रिसोडच्या लेकरांचं असं ठरलं: आईबापांचा बाप्तिस्मा ईस्टरला. धाकट्याचं आणि थोरलीचं समर्पण, आईबाप वचन देतील, मंडळीही देईल. थोरली पुढं स्वतः मागेल तेव्हा आजीशी बोलून तिचं पाहायचं. अठराचा आग्रह धरणाऱ्यांनी शेवटी मान हलवली, मनापासून की कंटाळून, सांगता येत नाही.

20 एप्रिल, रविवार. पुनरुत्थान दिन

दोघांनी बुडवूनच हवा असं सांगितलं होतं. या दिवसांत पैनगंगेत डोह शोधत हिंडावं लागतं, म्हणून हौद भरून घेतला. नवरा पाण्यातून वर आला तो रडत. बाई हसत होती. मग ओल्या केसांनीच ती पुढं आली, धाकट्याला कडेवर घेतलं, थोरलीच्या खांद्यावर हात ठेवला. पाळकसाहेबांनी मंडळीला विचारलं, या लेकरांना वाढवायला तुम्ही साथ द्याल का? सगळ्यांनी “देऊ” म्हटलं. मी मागं बसलेल्या त्या अठरावाल्या काकांकडे पाहिलं. त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

आजी आली नव्हती. तिनं पोरीबरोबर जेवणासाठी ज्वारीच्या भाकरी बांधून दिल्या होत्या.

27 एप्रिल, रविवार

बारा वर्षांच्या मुलाच्या आईला गेल्या महिन्यात भेटले, आज पुन्हा गेले. पहिल्या वेळी दारातूनच बोलली होती. आज आत बसवलं. मुलगा रविवारी येऊ शकतो म्हणाली, बाकीचं त्याचे वडील पुण्याहून आल्यावर. कामाला गेलेत, दिवाळीला येतील. दिवाळीपर्यंत थांबू. मुलाला सांगितलं तर हिरमुसला, पण पुढचा रविवार चुकवणार नाही असं म्हणाला.

रिसोडची थोरली आज विचारत होती, समर्पणानं मी अर्धी झाली का? तिला सांगितलं, अर्धी वगैरे काही नाही, तू मंडळीची आहेस. मग म्हणाली, “तं मंग पूर्ण कवा मागू?” दहा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी जूनअखेर शाळा उघडल्या की वेगळा वर्ग घ्यायचा, असं पाळकसाहेबांशी बोलून ठरवलं. तिला जुलैत दहा पूर्ण होतात. तिचं नाव यादीत घातलं, आणि वर्गाच्या पहिल्या शनिवारी आजीलाही बोलवायचं आहे, त्यासाठी पेरण्या आटोपण्याआधीच गावी जाऊन यावं लागेल.